जुने वैद्यकीय इच्छापत्र फाडून टाकले म्हणजे रद्द होते का?

प्रश्न : माझे वय ६९ वर्षे आहे. २०२१ मध्ये यजमान आजारी असताना आम्ही दोघांनी आपापली वैद्यकीय इच्छापत्रे (आपल्याला निर्णय घेता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवणारी पत्रे) केली, दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या आणि कागद नोटरी करून घेतले. माझ्या पत्रात ‘मला कोणत्याही परिस्थितीत व्हेंटिलेटर लावू नये’ असे लिहिले आहे आणि माझ्या वतीने बोलण्यासाठी फक्त यजमानांचे नाव आहे. पुढे यजमान गेले. गेल्या वर्षी मला न्यूमोनिया झाला, काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले, आणि आज मी घरातली सगळी कामे स्वतः करते. त्या गडबडीत इच्छापत्राची आठवणच कोणाला झाली नाही. आता मुलगी म्हणते, ‘तो कागद फाडून टाक.’ परदेशी असलेला मुलगा म्हणतो, ‘तू तेव्हा विचार करून लिहिले होतेस, आता भीतीपोटी बदलू नकोस.’ आशा संपल्यावर यंत्रांवर पडून राहण्याची माझी तयारी आजही नाही, पण कागद आहे तसा ठेवायलाही मन धजत नाही. त्याची एक प्रत आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आणि एक रुग्णालयाच्या जुन्या फाइलमध्ये आहे. कागद फाडला तर तो रद्द होतो का? बदलण्यासाठी कोर्टात जावे लागेल का? मुलांची संमती लागते का?

उत्तर :

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशीच आहेत. कागद फाडल्याने इच्छापत्र रद्द होत नाही, ते बदलण्यासाठी आता कोर्टात जावे लागत नाही, आणि मुलाची किंवा मुलीची संमतीही लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर आहात आणि स्वतःचे भलेबुरे तुम्हाला समजते, एवढ्यावर हा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे. माझा सल्ला असा की जुने पत्र नुसते रद्द करून थांबू नका. जुने मागे घेत असल्याचे स्पष्ट लिहिलेले नवे इच्छापत्र करा, म्हणजे रद्द करणे आणि नवे करणे ही दोन्ही कामे एकाच कागदाने, एकाच दिवशी होतील.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अशा इच्छापत्रांना कायदेशीर मान्यता दिली. त्याच निकालात असेही सांगितले आहे की, इच्छापत्र करणारी व्यक्ती निर्णयक्षम असेपर्यंत ते केव्हाही मागे घेऊ शकते किंवा बदलू शकते. मात्र मागे घेणे लेखी हवे आणि ते इच्छापत्र करताना पाळायच्या पद्धतीनेच व्हायला हवे. त्यामुळे फाडलेल्या कागदाला कायद्याच्या दृष्टीने अर्थ नाही. त्याहून व्यवहारातली अडचण मोठी आहे. तुम्ही फाडणार ती तुमच्या कपाटातली प्रत, पण उद्या रात्री दोन वाजता तुम्हाला धाप लागून रुग्णालयात आणले, ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी जुनी फाइल मागवली आणि तिच्यात तुमच्या सहीचा, नोटरीचा शिक्का असलेला २०२१ चा कागद निघाला, तर तो तुम्ही घरी फाडला आहे हे त्यांना कळायचे कसे? मुलगी ‘आईने तो रद्द केला आहे’ असे सांगेल, पण तिच्या हातात दाखवायला काहीच नसेल, आणि फोनवरून मुलगा त्याच्या उलट सांगत असेल.

आता तुमच्या २०२१ च्या पत्राची कायदेशीर स्थिती पाहू. त्या वेळी २०१८ चे मूळ नियम लागू होते आणि त्यांनुसार दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही आवश्यक होती. ही अट इतकी जाचक ठरली की अनेकांनी नोटरीवरच काम भागवले, आणि तुम्हीही तेच केलेले दिसते. पुढे २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे नियम सुटसुटीत केले आणि न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरचे साक्षांकन पुरेसे ठरवले. नियम बदलण्याआधी नोटरी केलेला कागद आज कितपत टिकेल, यावर वकील वाद घालू शकतील, पण त्या वादात पडण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही. नवे पत्र आजच्या नियमांनुसार केले की तो प्रश्न आपोआप निकालात निघतो. कोर्टात जावे लागेल ही तुमची समजूत बहुधा त्या जुन्या नियमावरूनच झाली असावी.

मुलीचे म्हणणे मानून तुम्ही इच्छापत्र पूर्ण रद्द केले आणि नवे केलेच नाही, तर काय होईल, हेही समजून घ्या. इच्छापत्र नसलेल्या रुग्णांसाठीही न्यायालयाने पद्धत घालून दिली आहे. त्यात उपचार थांबवायचे की नाही याचा विचार डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि त्याचा निर्णय तपासणारे दुय्यम मंडळ करते, पण संमती जवळच्या नातेवाइकांची लागते. म्हणजे तुमच्या घरात तो भार नेमका त्या दोघांवर पडेल, ज्यांचे आज, तुम्ही धडधाकट असताना, एका कागदावरही एकमत होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे प्रकरण तुम्हाला आठवत असेल. १९७३ मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ जाणीव हरपलेल्या अवस्थेत त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना जिवंत ठेवणारे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये त्याचा निकाल लागला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिका करणाऱ्या लेखिकेचा की त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा, हाच एक मोठा मुद्दा झाला. न्यायालयाने कौल कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिला आणि याचिका फेटाळली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. अरुणाताईंना स्वतःला काय हवे होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते सांगून ठेवण्याची संधीच त्यांना मिळाली नव्हती. तुमच्यापाशी ती संधी आहे, म्हणून माझा आग्रह आहे की कागद पूर्ण रद्द करून तुमची जागा रिकामी ठेवू नका.

नव्या पत्रात काय लिहायचे, यावर मात्र पुरेसा वेळ द्या, कारण तुमच्या जुन्या पत्राचा खरा दोष सही-शिक्क्यात नसून त्यातल्या ‘कोणत्याही परिस्थितीत’ या शब्दांत आहे. नियमांप्रमाणे वैद्यकीय इच्छापत्र अमलात येते ते रुग्ण असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात असेल, बरे होण्याची आशा नसताना उपचार लांबत चालले असतील आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाच. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात ते लागू होतच नाही, त्यामुळे गेल्या वर्षी तुम्हाला व्हेंटिलेटर लावला यात कोणीही तुमच्या इच्छेचा भंग केलेला नाही. लिहिताना कल्पनेत नसलेली आणि निर्णय बदलू शकली असती अशी परिस्थिती उद्भवली, तर इच्छापत्र त्या उपचाराला लागू करू नये, आणि ते संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळांनी ते अमलात आणू नये, असेही न्यायालयाने म्हटले आहे. पण एवढा बारकावा आणीबाणीच्या क्षणी प्रत्येक डॉक्टरांना आठवेलच असे नाही, आणि कागदावर यंत्राचेच नाव घेऊन सरसकट मनाई केलेली असेल तर हात आखडता घेण्याकडे कल जाऊ शकतो.

म्हणून यंत्राला नकार देण्याऐवजी कोणती अवस्था तुम्हाला नको आहे ते लिहा. तुम्ही मला लिहिलेल्या पत्रातले ‘आशा संपल्यावर यंत्रांवर पडून राहण्याची तयारी नाही’ हे वाक्य तुमच्या इच्छापत्रातल्या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. त्याला थोडे नेमके रूप दिले तर ते असे होईल : ‘बरे होण्याची वाजवी शक्यता असलेल्या आजारात मला तात्पुरता व्हेंटिलेटर लावण्यास माझी संमती आहे. मात्र मी पुन्हा शुद्धीवर येऊन माझी माणसे ओळखण्याच्या आणि त्यांच्याशी काही संवाद साधण्याच्या स्थितीत येण्याची आशा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते उरली नसेल, तर तो लावू नये आणि लावला असल्यास काढून घ्यावा.’ यातली ‘माणसे ओळखणे’ ही मर्यादा मी उदाहरणादाखल घातली आहे. तुमची मर्यादा वेगळी असू शकते, स्वतःच्या हाताने जेवता येणे ही कोणाला महत्त्वाची वाटते, तर कोणाला नुसते जाणिवेत असणेही पुरते, आणि ती तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणी ठरवू नये. अतिदक्षता विभागात ठरावीक मुदतीचा प्रयत्न करून पाहण्याचीही रीत आहे, म्हणजे उपचार सुरू करायचे, काही दिवसांनी सुधारणा पाहायची आणि ती नसेल तर पुढे ताणायचे नाही. तुम्हाला हे पटत असेल तर तसे लिहा, आणि ती मुदत साधारण किती असावी हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

व्हेंटिलेटरखेरीज हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, डायलिसिस आणि नळीवाटे अन्न यांबद्दलही एकेक वाक्य असावे. वेदना, धाप आणि घुसमट कमी करणारे उपचार शेवटपर्यंत चालू ठेवावेत, हेही आवर्जून लिहा, कारण काही उपचार नाकारले म्हणजे शुश्रूषाही नाकारली असा गैरसमज नातेवाइकांमध्ये फार दिसतो. तुम्ही अवयवदानाची प्रतिज्ञा केली असेल तर आणखी एका वाक्याची गरज आहे. मेंदू मृत घोषित झाल्यानंतर अवयव काढेपर्यंत रक्ताभिसरण चालू ठेवण्यासाठी व्हेंटिलेटर लागतोच, म्हणून ‘अवयवदानासाठी आवश्यक तेवढा काळ यंत्रणा चालू ठेवण्यास माझी हरकत नाही’ असे लिहून ठेवले नाही, तर तुमचे दोन कागद एकमेकांच्या विरोधात उभे राहतील.

नव्या पत्राच्या अगदी सुरुवातीला, तुमचे नाव, वय आणि पत्ता झाल्यावर लगेच, जुने पत्र मागे घेतल्याचे वाक्य येऊ द्या. ते असे लिहिता येईल : ‘यापूर्वी २०२१ मध्ये मी केलेले वैद्यकीय इच्छापत्र मी या लेखाने पूर्णपणे मागे घेत आहे आणि त्याच्या कोणाकडेही असलेल्या प्रती यापुढे माझी इच्छा म्हणून ग्राह्य धरू नयेत.’ जुन्या पत्रावरची नेमकी तारीख त्यात अवश्य घाला. एकापेक्षा जास्त वैध इच्छापत्रे असतील तर सर्वांत अलीकडे सही केलेलेच अखेरची इच्छा मानावे, असे न्यायालयाने सांगितलेच आहे. तरी दोन तारखांचे कागद समोर ठेवून कोणता अलीकडचा हे शोधण्याची वेळ डॉक्टरांवर का आणायची? जुन्या पत्रातली एखादी ओळ पेनाने खोडून समासात नवी लिहिणे मात्र कटाक्षाने टाळा. तशा खाडाखोडीमुळे जुना कागदही संशयास्पद होतो आणि नवी इच्छाही सिद्ध होत नाही.

यजमानांच्या जागी कोणाचे नाव घालायचे, हा निर्णय तुम्हाला सर्वांत जड जाईल, याची मला कल्पना आहे. २०२३ च्या सुधारणेनुसार आता एकापेक्षा अधिक विश्वासू व्यक्तींची किंवा नातेवाइकांची नावे देता येतात, आणि दोन मुले आहेत म्हटल्यावर दोघांची नावे घालून मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. माझे मत विचाराल तर दोघांची नावे जरूर घाला, पण मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, हेही त्याच कागदावर लिहा. त्यासाठी जवळ राहणारी व्यक्ती अधिक योग्य, असा सर्वसाधारण हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही. तरी त्याहून मोठी कसोटी अशी की स्वतःला पटत नसतानाही तुमची इच्छा डॉक्टरांसमोर जशीच्या तशी मांडण्याची हिंमत कोणात आहे? मुलीला उद्या व्हेंटिलेटर काढण्यास संमती देणे जमणार नसेल, तर तिने ते आजच तुम्हाला मोकळेपणाने सांगितलेले बरे. अशा वेळी ही जबाबदारी भाऊ, बहीण किंवा जुनी मैत्रीण यांच्यावर सोपवण्यात मुलांचा अपमान नाही.

सही-शिक्क्याचे काम मानाने सोपे आहे. दोन साक्षीदार लागतात आणि ते शक्यतो त्रयस्थ असावेत, म्हणून मुलगा, मुलगी, जावई, सून किंवा तुमच्या संपत्तीत ज्यांना वाटा मिळणार आहे अशा कोणाची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका. शेजारचे किंवा ओळखीचे दोघे चालतील. तुम्ही हे पत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाशिवाय आणि परिणाम समजून करत आहात, याची खात्री साक्षीदारांनी आणि नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने नोंदवायची असते. त्यामुळे त्या वेळी मुलांना खोलीबाहेर थांबायला सांगितलेत तर उत्तमच. ‘हे पत्र मी केव्हाही मागे घेऊ शकते’ आणि ‘याचे परिणाम मला समजले आहेत’ ही दोन्ही विधाने पत्रात असणे आवश्यक आहे. नाव विसरणे, किल्ल्या शोधत बसणे अशा वयोमानाच्या विसराळूपणाने निर्णयक्षमता जात नाही. तरीही पुढे कोणी शंका काढू नये म्हणून त्याच सुमारास तुमच्या डॉक्टरांकडून तुम्ही निर्णय घेण्यास सक्षम असल्याचा दाखला घेऊन पत्रासोबत जोडा. नियमांत अशी सक्ती नाही, पण मुलांमध्ये दोन मते असलेल्या घरात तो दाखला फार उपयोगी पडतो.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. २०२३ च्या नियमांनुसार इच्छापत्राची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांपैकी तुमच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते आणि ती जपण्यासाठी त्या संस्थेने कस्टोडियन नेमायचा असतो. पुढे कधी इच्छापत्र अमलात आणण्याची वेळ आली, तर ते खरे आहे की नाही याची पडताळणी डॉक्टर रुग्णाच्या डिजिटल आरोग्य नोंदीवरून किंवा या कस्टोडियनकडूनच करणार आहेत. म्हणून नव्या पत्राची प्रत तिथे द्या, सोबत जुने पत्र मागे घेतल्याचे कळवणारे छोटे पत्र जोडा, आणि दोन्हींची पोच शिक्का व तारखेसह घ्या. २०२१ चे पत्र तिथे दिलेच नसेल, तरी नव्यापासून सुरुवात करायला काही अडचण नाही.

मुलाच्या ‘भीतीपोटी बदलू नकोस’ या वाक्याने तुम्ही दुखावल्या असाल, तरी त्याच्या मनात काळजीच आहे असे मला वाटते. आईने एकदा सांगितलेली इच्छा आपल्या हातून मोडू नये, अशी ती काळजी आहे. त्याला एवढेच सांगा की २०२१ मध्ये तुम्ही लिहिलेत ते यजमानांच्या उशाशी बसून, दुसऱ्याचे आजारपण पाहून, आणि आज लिहीत आहात ते स्वतः त्या यंत्रावर राहून, त्यातून उठून. मला दुसरा अनुभव अधिक वजनाचा वाटतो. जमले तर दोन्ही मुलांना एकाच वेळी व्हिडिओ कॉलवर घेऊन मसुदा वाचून दाखवा, कारण एकाला सांगितलेले दुसऱ्यापर्यंत जाताना त्याचा सूर बदलतो. संमती मागू नका, फक्त वाचून दाखवा आणि त्यांच्या शंका ऐकून घ्या. हे इच्छापत्र त्यांना परस्पर बदलता किंवा रद्द करता येणार नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. तुम्ही नाव दिलेल्या व्यक्तीलाही तो अधिकार नाही.

तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या मनात येऊ शकतील अशा एकदोन गोष्टी सांगतो. तुम्ही शुद्धीवर आहात आणि बोलू शकता तोवर इच्छापत्र लागूच होत नाही. डॉक्टरांनी विचारल्यावर तुम्ही जो होकार किंवा नकार द्याल तोच चालतो, मग कागदावर काहीही लिहिलेले असो. त्यामुळे नव्या पत्रानंतरही मत बदलले तर आपण अडकू, अशी धास्ती बाळगू नका. रुग्णालयात असताना मत बदललेच, तर डॉक्टरांना ते केसपेपरवर नोंदवायला सांगा आणि लेखी बदल शक्य तितक्या लवकर करा. मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करून हे काम भागेल, असे कोणी सुचवले तर ते मात्र मानू नका. मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कंत्राट कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपते, म्हणजे ज्या वेळी त्याची गरज असेल नेमके तेव्हाच ते निरुपयोगी ठरेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्येही अग्रिम निर्देशाची, म्हणजे उपचारांबाबत आगाऊ लेखी सूचना देण्याची, तरतूद आहे, परंतु ती मनोविकारांवरील उपचारांपुरती असून तिचा अर्ज आणि पद्धत वेगळी आहे. तुमच्या कामासाठी तिची गरज नाही.

राहिल्या जुन्या प्रती. नव्या पत्रावर सह्या झाल्या की त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा, नवी प्रत द्या आणि जुनी परत मागून घ्या. रुग्णालय आपल्या फाइलमधला कागद परत देईलच असे नाही, म्हणून तिथल्या वैद्यकीय नोंदी विभागाला लेखी अर्ज करून जुन्या प्रतीवर ‘मागे घेतले’ असा शेरा आणि नव्या पत्राची तारीख घालायला सांगा, अर्जाची पोच घ्या आणि नवी प्रत तिच्यावरच जोडायला लावा. परत मिळालेल्या प्रतींवर आणि तुमच्या कपाटातल्या मूळ कागदावर प्रत्येक पानावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ असे लिहा, तारखेसह सही करा आणि ते नव्या पत्राच्या फाइलमध्ये मागे ठेवा. नव्या पत्राची एक प्रत मुलीकडे आणि एक मुलाकडे फोनमध्ये असू द्या. यापुढे एखादे मोठे निदान झाले, मोठी शस्त्रक्रिया ठरली किंवा तुम्ही नाव दिलेल्या व्यक्तीची परिस्थिती बदलली, तर हे पत्र पुन्हा वाचा, आणि बदल करायचा नसला तरी वाचल्याची तारीख आपल्या प्रतीसोबत वेगळ्या चिठ्ठीवर सहीनिशी लिहून ठेवा.